बोटांनी ऐकणारी डॉक्टर

सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते पोटातलं बाळ. पण जन्मलेल्या बाळाचीही सोनोग्राफी होते आणि तीही त्याच्या चिमुकल्या हृदयाची, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं? दिवस पूर्ण भरायच्या आत जन्मलेलं किलो-सव्वा किलोचं बाळ काचेच्या पेटीत ठेवलेलं असतं. नाकात नळी, हाताला सलाइन. त्याला तिथून उचलून दुसऱ्या खोलीत नेणंसुद्धा जोखमीचं. मग मशीनच त्याच्या पेटीपाशी ढकलत आणतात. बोटभर लांबीचं एक टोक जेली लावून बाळाच्या छातीवर अलगद टेकवतात आणि समोरच्या पडद्यावर ते हृदय धडधडताना दिसू लागतं. डॉक्टर मंडळी याला बेडसाइड इको म्हणतात.

नवजात शिशू कक्षाबाहेरच्या बाकांवर बसलेल्या बायकांशी बोलायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. बाळाचा इको करायचा आहे असं आतून सांगितलं की बाळंतिणीचा चेहरा पांढराफटक पडतो. आत आता काय टोचणार, काय कापणार, असं तिला वाटतं. खरं तर या तपासणीत सुई नाही की एक्स-रेचे किरण नाहीत. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज छातीत पाठवायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार करायचं, एवढंच. हे समजावून सांगताना मला नेहमी एका बाईची आठवण होते. हे मशीन नव्हतं, त्या काळात तिने बाळांच्या हृदयात काय बिघडलंय ते ओळखलं. आणि गंमत म्हणजे तिला स्वतःला नीट ऐकू येत नव्हतं! तिचं नाव हेलन टॉसिग. बालहृदयरोग या शाखेची जननी म्हणून जगभरचे डॉक्टर तिला ओळखतात. आपल्या घराघरांत मात्र तिचं नाव फारसं पोचलेलं नाही, म्हणून आज तिची गोष्ट.

हेलनचा जन्म २४ मे १८९८चा, अमेरिकेतल्या केंब्रिज या गावचा. हे केंब्रिज बोस्टन शहराला लागून आहे. वडील फ्रँक टॉसिग हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. आईही शिकलेली, मुलींसाठी निघालेल्या रॅडक्लिफ कॉलेजच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. चार भावंडांत हेलन शेंडेफळ. असं सगळं छान चाललेलं असताना ती अकरा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. हेलनलाही त्या आजाराने गाठलं होतं. त्यात आणखी एक अडचण. तिला अक्षरं वाचताच येईनात. शब्द उलटेपालटे दिसत, ओळी निसटत. आज आपण त्याला डिस्लेक्सिया म्हणतो, 'तारे जमीन पर' पाहिल्यापासून तो शब्द आपल्याही परिचयाचा झाला. त्या काळी अशा मुलांना सरळ मठ्ठ ठरवून टाकत. पण वडिलांनी तिला मठ्ठ ठरवलं नाही. एवढा मोठा प्राध्यापक रोज लेकीला जवळ घेऊन बसे आणि एकेक शब्द तिच्याकडून वाचून घेई. आईवेगळ्या मुलीला त्या बापाने न चिडता वाचायला शिकवलं. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा, न कंटाळता बघत राहायची सवय हेलनला तिथेच लागली असावी, असं मला वाटतं.

पुढे ती रॅडक्लिफमध्ये दोन वर्षं शिकली, टेनिस उत्तम खेळली आणि १९२१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवीधर झाली. आता तिला डॉक्टर व्हायचं होतं. घराशेजारी हार्वर्डसारखं विद्यापीठ, वडील तिथलेच प्राध्यापक. पण हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं दार बायकांना बंद होतं. ते उघडलं १९४५ साली! तिथे सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम होता, म्हणून ती चौकशीला गेली. तर तिला सांगण्यात आलं, की बाई वर्गात बसून शिकू शकतात, पण पदवी मात्र मिळणार नाही. म्हणजे स्वयंपाक सगळा करायचा आणि पंगतीला बसायचं नाही, त्यातलाच प्रकार. हेलनने तो नाद सोडला. ऊतिशास्त्राच्या एका वर्गात तिला परवानगी मिळाली, तीही अटींवर. मुलांपासून लांब, कोपऱ्यात बसायचं आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. ती कोपऱ्यात बसली. पण शिकली.

मग बोस्टन विद्यापीठात तिला अलेक्झांडर बेग नावाचे शिक्षक भेटले. त्यांनी तिच्या हातात बैलाचं हृदय ठेवलं आणि याचा अभ्यास कर म्हणून सांगितलं. त्यांनीच तिला बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स महाविद्यालयात अर्ज करायला लावला. तिथे बायकांना प्रवेश होता. तो का होता, हेही सांगण्यासारखं आहे. हे वैद्यकीय महाविद्यालय काढायला पैसे अपुरे पडत होते. मेरी गॅरेट या श्रीमंत बाईने आणि तिच्या मैत्रिणींनी निधी उभा केला, पण अट घातली, की मुलींना मुलांच्याच बरोबरीने प्रवेश द्यायचा. १८९३ साली महाविद्यालय सुरू झालं ते त्या अटीसह. अशी दारं आपोआप उघडत नाहीत. कुणीतरी आधी पाय अडकवून ठेवलेला असतो, तेव्हा मागची आत जाते. हेलन १९२७ मध्ये तिथून एम. डी. झाली.

आता इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो म्हणते, कारण आता त्या डॉक्टर टॉसिग झाल्या.

१९३० साली हॉपकिन्सच्या मुलांच्या रुग्णालयात, म्हणजे हॅरिएट लेन होममध्ये, तिथले प्रमुख डॉ. एडवर्ड्स पार्क यांनी हृदयरोगाचा बाह्यरुग्ण विभाग त्यांच्या हाती सोपवला. पुढची तेहतीस वर्षं, १९६३ पर्यंत, तो त्यांनी सांभाळला. त्या विभागात दोन तऱ्हेची मुलं येत. एक, सांध्यांच्या तापातून हृदयाच्या झडपा बिघडलेली. आणि दुसरी, जन्मतःच हृदयात दोष असलेली. या दुसऱ्या मुलांसाठी कुणाला काहीच करता येत नसे. निदान व्हायचं ते बहुतेक वेळा बाळ गेल्यावर, शवविच्छेदनात.

आणि नेमक्या याच सुमारास, तिशीत, डॉक्टरांचे कान जायला लागले. हृदयरोगतज्ज्ञाचं सगळं काम स्टेथोस्कोपवर. ठोक्यांमधली फुसफुस, घरघर कानाला कळली पाहिजे. ज्यांनी छातीचे आवाज ऐकायचे त्यांनाच ऐकू येईनासं झालं, तर दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. टॉसिगबाईंनी आवाज मोठा करणारा खास स्टेथोस्कोप वापरून पाहिला, ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखायला शिकल्या आणि बाळाच्या छातीवर हात ठेवून हृदय वाचायला लागल्या. तळहाताला, बोटांच्या टोकांना ठोका कसा लागतो, कुठे थरथरतो, कुठे जोर जास्त आहे, हे त्यांचं त्यांनी शोधून काढलं. कान गेले आणि बोटं कान झाली!

जोडीला डोळे होतेच. त्यांच्या विभागात फ्लुओरोस्कोप हे नवं यंत्र आलं होतं. एक्स-रेच्या किरणांनी हृदयाची हलती सावली पडद्यावर दिसे. बाळाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवून त्या ती सावली निरखत. उजवी बाजू फुगलीय का, फुफ्फुसांकडची रक्तवाहिनी बारीक आहे का, याची टिपणं ठेवत. पुढे दुर्दैवाने ते मूल दगावलं, तर शवविच्छेदनात हृदय प्रत्यक्ष पाहून स्वतःचा अंदाज ताडून बघत. अशी शेकडो मुलं. अशीच वर्षंच्या वर्षं गेली. त्यातून त्यांना दोषांच्या खुणा कळायला लागल्या.

त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये निळी बाळं असत. ओठ, जीभ, नखं जांभळी-निळी. थोडं मोठं झालेलं मूल चार पावलं चालायचं आणि मध्येच उकिडवं बसायचं. तसं बसलं की त्याला बरं वाटायचं. यातल्या पुष्कळांचा आजार होता टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे. आपलं हृदय म्हणजे मधल्या भिंतीची दोन बिऱ्हाडं. उजवीकडे अंगभर फिरून आलेलं, प्राणवायू संपलेलं रक्त येतं आणि फुफ्फुसांकडे जातं. तिथून ताजं होऊन डावीकडे येतं आणि पुन्हा अंगभर पाठवलं जातं. या आजारात एकदम चार बिघाड असतात. फुफ्फुसांकडचा रस्ता चिंचोळा, मधल्या भिंतीला भोक, त्या भोकावरच सरकून बसलेली महाधमनी, आणि जोर लावून लावून जाड झालेली उजवी भिंत. त्यामुळे बरंचसं रक्त फुफ्फुसांकडे न जाता तसंच, प्राणवायू न घेता, अंगात जातं. म्हणून बाळ निळं.

त्या काळी समज असा, की अशी मुलं हृदय थकून मरतात. टॉसिगबाईंना वेगळंच दिसलं. हृदय चाललेलं असतं. फुफ्फुसांना रक्तच पुरत नाही म्हणून मूल जातं. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. काही निळी बाळं जन्मल्यावर पहिले काही दिवस बरी असत आणि मग एकाएकी खालावत. असं का व्हावं?

याचं उत्तर एका इवल्याशा नळीत होतं. पोटात असताना बाळ स्वतः श्वास घेत नाही, प्राणवायू त्याला वारेतून, नाळेतून मिळतो. फुफ्फुसं तेव्हा कामाला लागलेली नसतात. म्हणून त्यांच्याकडे जाणारं बरंचसं रक्त महाधमनीत वळवून देणारी एक आडवाट निसर्गाने ठेवलेली असते. तिला डक्टस म्हणतात. बाळाने ट्याहां केलं, फुफ्फुसं फुलली, की या वाटेचं काम संपतं आणि साधारण दोन-तीन दिवसांत ती मिटते. निरोगी बाळात ती मिटलेलीच बरी. पण निळ्या बाळात तीच वाट उलट्या दिशेने फुफ्फुसांना रक्त पुरवत असते. ती मिटली, की बाळाचा आधार गेला! हे टॉसिगबाईंनी ताडलं. आणि मग त्यांच्या मनात आलं, की निसर्गाने मिटवलेली ही नळी आपण पुन्हा तयार करून दिली तर?

बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये एका मुलीची उघडी राहिलेली डक्टस बांधून बंद करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. ज्याला नळी बंद करता येते त्याला ती करताही येईल, असा विचार करून टॉसिगबाई त्यांच्याकडे गेल्या. ग्रॉसना काही त्यात रस वाटला नाही. बाई परत आल्या, पण विचार सोडला नाही. १९४१ मध्ये डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक हे सर्जन हॉपकिन्समध्ये आले आणि त्यांच्यासोबत आले व्हिव्हियन थॉमस. टॉसिगबाईंनी या दोघांपुढे आपलं म्हणणं मांडलं. नळ दुरुस्त करणारा माणूस जसे पाइप इकडचे तिकडे जोडतो, तसं काही करून फुफ्फुसांकडे जास्त रक्त वळवता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

या व्हिव्हियन थॉमस यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. हे कृष्णवर्णीय गृहस्थ मूळचे सुतार. कॉलेजसाठी साठवलेले पैसे महामंदीत बँक बुडाली तेव्हा गेले आणि डॉक्टर व्हायचं स्वप्नही गेलं. १९३० पासून ते ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत काम करत. काम संशोधकाचं, पण नॅशव्हिलच्या विद्यापीठात त्यांची नोंद आणि पगार सफाई कामगाराचा. हाताखालची अवजारं नसतील तर ते स्वतः घडवत. कुत्र्यांवर प्रयोग करकरून ही शस्त्रक्रिया त्यांनीच बसवली आणि ब्लॅलॉकना शिकवली.

२९ नोव्हेंबर १९४४. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एलीन नावाची पंधरा महिन्यांची मुलगी. वजन जेमतेम चार किलो, म्हणजे आपल्याकडच्या दोन-अडीच महिन्यांच्या बाळाएवढं. हाताकडे जाणारी एक धमनी कापून ती फुफ्फुसाच्या धमनीला जोडायची होती. ब्लॅलॉक यांच्या हातात सुरी, त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून पुढचा टाका कसा घ्यायचा ते सांगणारे थॉमस, आणि तिथेच बाळाकडे नजर लावून उभ्या असलेल्या टॉसिगबाई. शस्त्रक्रिया पार पडली. एलीनची तब्येत सुधारू लागली. पुढे काही महिन्यांनी तिला पुन्हा त्रास झाला आणि ती मुलगी वाचली नाही. पण तिच्यानंतर आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाली. तिसरा होता सहा वर्षांचा मुलगा. जोडलेल्या नळीतून रक्त वाहू लागलं आणि टेबलावरच त्याचे जांभळे ओठ गुलाबी झाले! मे १९४५ मध्ये हे सगळं छापून आलं आणि देशोदेशीचे आई-बाप निळी बाळं कडेवर घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. काही वर्षांतच तिथे अशा हजाराहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या.

त्या लेखावर नावं होती दोन, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचं नाव नव्हतं. शस्त्रक्रियेला अनेक वर्षं ब्लॅलॉक-टॉसिग असंच म्हणत. घरातली सगळी उस्तवार करून हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर नाव नसलेल्या कितीतरी जणी आपल्यात आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. थॉमस यांना हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली. १९८५ मध्ये ते गेले. २००४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि आता या शस्त्रक्रियेचं नाव घेताना पुष्कळजण ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग असं म्हणतात. टॉसिगबाईंनाही पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९५९ साल उजाडलं. तोपर्यंत त्यांचा जन्मजात हृदयदोषांवरचा ग्रंथ निघूनही बारा वर्षं झाली होती!

त्यांनी लग्न केलं नाही. पण मुलं? मुलं शेकड्यांनी होती. शस्त्रक्रिया झालेल्या बाळांची त्या वर्षानुवर्षं चौकशी करत. ती मोठी झाली, शिकली, त्यांची लग्नं झाली, सगळ्याची खबर ठेवत. देशोदेशीचे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येत आणि मग आपापल्या देशात जाऊन बाळांचे हृदयरोग विभाग काढत.

त्यातली एक आपल्या भारतातली. डॉ. एस. पद्मावती, आपल्या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. ब्रह्मदेशात जन्मलेल्या पद्मावती १९४९ च्या सुमारास हॉपकिन्सला टॉसिगबाईंकडे शिकल्या. परत येऊन दिल्लीच्या लेडी हार्डिंग या मुलींच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी काम सुरू केलं, हृदयरोगाचा विभाग उभा केला. १९९२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. वयाची शंभरी ओलांडून २०२० मध्ये, कोविडने, त्या गेल्या.

१९६२ साली टॉसिगबाईंनी आणखी एक मोठं काम केलं. जर्मनीत हातापायांची वाढ न झालेली बाळं एकाएकी मोठ्या संख्येने जन्माला येत असल्याचं एका विद्यार्थ्याकडून त्यांच्या कानावर आलं. त्या तडक तिकडे गेल्या, डॉक्टरांना भेटल्या, बाळं पाहिली. गरोदरपणातल्या मळमळीवर आणि झोपेसाठी सर्रास दिलं जाणारं थॅलिडोमाइड हे औषध त्यामागे होतं. अमेरिकेत डॉ. फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी त्या औषधाला मंजुरी अडवून धरली होतीच. टॉसिगबाईंनी परत येऊन डॉक्टरांपुढे, कायदेमंडळापुढे डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. त्याच वर्षी तिथे औषधांच्या चाचण्यांचा कायदा कडक झाला. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधी गोळीही घेऊ नये असं आपण आज सुनेला, लेकीला सांगतो, त्यामागे ही सगळी हकिगत आहे. १९६४ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळालं आणि १९६५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

म्हातारपणीही त्यांचा अभ्यास सुटला नाही. ऐंशी उलटल्यावर त्या पक्ष्यांच्या हृदयातले जन्मजात दोष तपासत होत्या! २० मे १९८६ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, मैत्रिणींना मतदानासाठी गाडीतून नेताना अपघात झाला आणि त्या गेल्या. देह त्यांनी हॉपकिन्सलाच दान केलेला होता.

आता हे सगळं त्या काचेच्या पेटीतल्या बाळाशी कुठे येऊन मिळतं, ते पाहू. टॉसिगबाई फ्लुओरोस्कोपवर सावल्या वाचत होत्या, त्याच काळात स्वीडनमधल्या लुंड या गावी इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने निघाले होते. जहाजं बांधायच्या कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. ते त्यांनी उसनं आणलं आणि १९५३ साली हृदयावर लावलं. तिथून सुरुवात झाली आणि आज ते यंत्र ढकलत पेटीपाशी नेता येईल एवढं सुटसुटीत झालं.

आणि नवजात शिशू कक्षात डॉक्टर या यंत्राने काय बघतात? इतर गोष्टींबरोबर पहिल्यांदा बघतात ती तीच टॉसिगबाईंची नळी! अपुऱ्या दिवसांच्या बाळात डक्टस पुष्कळदा मिटायची राहते. मग फुफ्फुसांत रक्ताचा पूर येतो आणि बाळाची धाप थांबत नाही. कधी ती आपोआप मिटते, कधी औषध द्यावं लागतं, क्वचित शस्त्रक्रिया. औषध दिल्यावर काही तासांनी, दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीन लावून नळी मिटतेय का ते पाहता येतं. उलट निळ्या बाळात ती उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिन हे औषध सलाइनमधून देतात. १९७० च्या दशकात ते आलं आणि शस्त्रक्रियेपर्यंत बाळाला तग धरता येऊ लागला. एका बाळात जी नळी मिटवायची, तीच दुसऱ्यात उघडी ठेवायची. कुठल्या बाळात काय, हे पाहिल्याशिवाय कसं कळणार? म्हणून तर मशीन पेटीपाशी आणतात. हृदय जोरात पंप करतंय का, फुफ्फुसांतला दाब वाढलाय का, हेही त्यातून समजतं. हृदयाच्या रचनेतच दोष असल्याची शंका आली, तर मात्र मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावीच लागते.

एक गोष्ट आयांना मी मुद्दाम सांगते. इकोच्या पडद्यावर लाल आणि निळे रंग दिसतात. निळा दिसला म्हणून धसका घ्यायचा नाही. रक्त यंत्राच्या टोकाकडे येतंय की लांब जातंय, एवढंच ते रंग दाखवतात.

हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. सगळीकडे मशीन नसेल, पण डोळे सगळ्यांकडे आहेत. बाळ दूध पिताना दमतं, मध्येच सोडून देतं, पिताना कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, छाती सारखी भाता चालल्यासारखी हलते, ओठ किंवा जीभ निळसर दिसते, यातलं काही जाणवलं तर दृष्ट काढत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आठवतं ना? तसंच बाळांसाठीचं छोटं यंत्र हाताला नि पायाला लावून प्राणवायू कमी आहे का ते दवाखान्यात पाहता येतं. आपल्या पालघरमधून २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि हृदयदोष आढळला तर पुढच्या उपचारांची सोय करून दिली जाते. आशाताईंना, अंगणवाडीताईंना विचारा.

आणि शेवटचं, जरा कडू आहे. मुलाच्या हृदयात भोक निघालं तर घर दागिने मोडून शहर गाठतं. मुलगी असली, की छातीवर व्रण राहील, लग्न कसं जमेल, बघू पुढच्या वर्षी, असं म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. पुढचं वर्ष प्रत्येकीच्या वाट्याला येतंच असं नाही. गर्भातल्या मुलीला शोधून संपवायला सोनोग्राफीचा गैरवापर झाला, त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला. त्याच ध्वनिलहरी आज जन्मलेल्या मुलीचा जीव वाचवायला तिच्या पेटीपाशी येऊन उभ्या आहेत. त्यांनी दाखवलेला दोष घरच्यांनी कपाटात फाइल करून ठेवू नये. तुमच्या गल्लीत, वाडीवर असं एखादं बाळ असेल, तर त्याच्या आईला हे वाचून दाखवा. आणि एकटीला धीर होत नसेल, तर तिच्यासोबत दवाखान्यात जा.